माळव्यातील मुलखांची बेटे

उज्जैनभोवतीचे माळव्याचे पठार सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाच्या थरांनी बनले असून, त्यातील बेसॉल्ट हा काळा, कठीण खडक झिजून झालेल्या जमिनीत कापूस, गहू व अफू उत्तम पिकत असल्याने, दख्खनहून दिल्लीकडे जाणाऱ्या वाटेवरील हा सुभा अठराव्या शतकात मराठ्यांना विशेष मोलाचा वाटला. मराठ्यांनी तेथे प्रथम वाटून घेतला तो महसूल. भूमीच्या सीमा त्या वाटणीमागून आल्या, आणि पुढील तंट्यांचे मूळ याच क्रमात सापडते.

१७२८ साली अमझेऱ्याच्या लढाईत पेशवे बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा यांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरधर बहादूर यास ठार केले. त्यानंतर १७३२ मध्ये बाजीरावांनी माळव्याचे उत्पन्न शिंदे, होळकर व पवार या सरदारांत विभागून दिले. फौजेच्या खर्चासाठी नेमून दिलेल्या अशा उत्पन्नास सरंजाम म्हणत, आणि तो परगण्यांच्या, म्हणजे अनेक गावे मिळून होणाऱ्या महसुली विभागांच्या, हिशेबाने मिळत असल्यामुळे एकाच सरदाराचा मुलूख बेटांसारखा विखुरला, तर कोठे दोन धन्यांचा एकत्र अंमल, म्हणजे दुअंमल, चालू राहिला. उज्जैन हे राणोजी शिंद्यांचे मुख्य ठाणे झाले, पण त्याच्या जवळचे महिदपूर व तराणा हे परगणे होळकरांकडे राहिले. देवासमध्ये तर पवार बंधूंच्या थोरल्या व धाकट्या पातीच्या दोन गाद्या एकाच शहरात नांदल्या.

पुण्याच्या पेशव्यांचा धाक होता तोवर ही गुंतागुंत निभावली. तो सैल पडताच जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैन येथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि ऑक्टोबरात शिंद्यांच्या सैन्याने होळकरांचे इंदूर लुटून त्याचा सूड उगवला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपुरास इंग्रजांकडून होळकरांचा पराभव होऊन ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाल्यावर, सर जॉन माल्कम यांच्या देखरेखीखाली इंग्रजांनी प्रत्येकाचा चालू ताबा हाच हक्क मानण्याचे धोरण ठेवले आणि लहान ठाकुरांच्या, म्हणजे स्थानिक जमीनदारांच्या, संस्थानिकांशी असलेल्या देण्याघेण्यास आपली हमी दिली. लढाईने बदलत राहणारी वाटणी त्यामुळे गोठली आणि तिच्यावरील वाद रणांगणातून इंग्रज एजंटाच्या कचेरीत गेले.

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघाचे उद्घाटन होऊन ही संस्थाने एका राज्यात आली, तेव्हा शिंद्यांचे उज्जैन आणि होळकरांचे महिदपूर व तराणा एकाच जिल्ह्यात समाविष्ट झाले. जुन्या दाव्यांपैकी कोणता खरा, याचा निवाडा त्यासाठी करावा लागला नाही. ज्या सत्तांच्या उत्पन्नासाठी त्या सीमा उभ्या होत्या, त्या सत्ताच उरल्या नाहीत.