आकाशकंदिलाची कुळकथा

दिवाळीत दारावर चढणारा आकाशकंदील मुळात शोभेचा नव्हे. तो वाट दाखवणारा दिवा आहे, आणि ही वाट आहे परतणाऱ्या पितरांची.

सूर्य कन्या राशीत आला की यमपुरी ओस पडते, अशी जुनी श्रद्धा. पितर आपापल्या घरी येतात. भाद्रपदाच्या वद्य पक्षात आपण त्यांना पान वाढतो. पण सर्वपित्रीला ते लगेच परतत नाहीत. सूर्य तुळेत असताना, आश्विन वद्य चतुर्दशी-अमावास्येच्या तिन्हीसांजेला, हाती चूड घेऊन त्यांना मार्ग दाखवावा असं धर्मशास्त्र सांगतं. म्हणजे ऐन दिवाळीत! धनत्रयोदशीचा दक्षिणेकडे वात केलेला कणकेचा दिवा, नरकचतुर्दशीचं यमतर्पण, यमद्वितीया म्हणजे आपली भाऊबीज: फराळाच्या घमघमाटातही यम या सणातून कुठे हललेला नाही.

या चुडीच्याच कुळातला आकाशदीप. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला. त्यात आकाशदिव्याची कृती अगदी सुताराला सांगावी तशी दिली आहे. सूर्य मावळताना घराजवळ यज्ञीय लाकडाचा पुरुषभर उंचीचा खांब रोवायचा. त्यावर दोन हात लांबीच्या चार पट्ट्या अशा बसवायच्या, की आठ दिशांना आठ पाकळ्या व्हाव्यात. मधोमध मोठा दिवा, पाकळ्यांवर आठ. पुढे आलेल्या कामट्या, खळ आणि पतंगी कागदाच्या कंदिलाचा सांगाडा मला या अष्टदलातच दिसतो.

पण कृतीहून मोठी आहे ती अर्पणाची यादी. हर, दामोदर, धर्मराज अशी नावं घेत ती पितरांपाशी येते आणि तिथेही थांबत नाही. अंधारात राहिलेल्या प्रेतात्म्यांनाही हा दिवा आहे. ज्यांचं श्राद्ध करायला कुणी उरलं नाही, ज्यांचं नावही कुणाला आठवत नाही, त्यांनाही, असंच मला वाटतं. आपल्या पूर्वजांनी सणाच्या दारात लावलेला दिवा इतका उदार होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

काशीच्या पंचगंगा घाटावर कार्तिकात आजही उंच बांबूंवर वेताच्या टोपल्यांत आकाशदीप चढतात. आपल्याकडे मात्र बऱ्याच घरांत भाऊबीज झाली की कंदील माळ्यावर जातो. आकाशदीपाचं व्रत महिनाभराचं, कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचं आहे. यंदा कंदील या त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत तेवू द्या, आणि लावताना आपल्या गेलेल्या माणसांची नावं मुलांना सांगा.