वास्याचा पडलेला दात

'त्रोइका' म्हणजे तीन घोड्यांची रशियन गाडी. घुंगरं वाजवत, बर्फ उडवत सुसाट जाणारी. वासिली पेरोवच्या १८६६ सालच्या एका चित्राचं नाव तेच आहे, पण त्यात घोडे नाहीत. घोड्यांच्या जागी तीन पोरं जुंपलीयेत. दोन मुलगे आणि एक मुलगी. त्यांच्या मागे स्लेजवर पाण्याचं भलंमोठं पिंप.

मी हे चित्र पहिल्यांदा फोनवर पाहिलं आणि बराच वेळ बोटांनी झूम करत बसलो. पिंपातून हिंदकळलेलं पाणी बाहेर येता येताच गोठलंय. एका बाजूला मठाची उंच भिंत, शेजारून धावणारं कुत्रं, मागून पिंपाला हात लावणारा एक माणूस. मधला मुलगा सगळं अंग पुढे झोकून ओढतोय. तोंड उघडं, दात दिसतायत.

चित्राच्या पूर्ण नावात ही मुलं कोण तेही सांगितलंय: कारागिरांचे उमेदवार, पाणी वाहून नेणारे. १८६१ साली रशियात भूदासप्रथा संपली. शेतकरी कागदावर मोकळे झाले, पण जमिनीच्या मोबदल्याचे हप्ते त्यांच्या मानगुटीवर बसले. गावाकडची मुलं मॉस्कोत चांभार, शिंपी असल्या कारागिरांकडे 'शिकायला' यायची. प्रत्यक्षात आधी मालकाच्या घरातली पडेल ती कामं. घरोघरी नळ नव्हते, त्यामुळे पाणी आणणं हेही त्यातलंच. चेखॉव्हच्या 'वान्का' या कथेतला नऊ वर्षांचा पोरगा असाच उमेदवार. ती कथा १८८६ ची, म्हणजे या चित्रानंतर वीस वर्षांनीही फार काही बदललं नव्हतं.

इथवर सगळं आपल्या अपेक्षेप्रमाणे आहे. गरिबी, बालमजुरी, हळहळ. मीही हळहळलो आणि चित्र सेव्ह केलं. मग पेरोवनेच लिहिलेली एक हकीकत कळली आणि तो मधला मुलगा नुसता 'बालमजूर' राहिला नाही.

पेरोवने ही हकीकत 'मारिया मावशी' या नावाने १८८१ मध्ये छापली. चित्रातली दोन मुलं रंगवून झाली होती, मधल्यासाठी चेहरा मिळत नव्हता. एके दिवशी मॉस्कोच्या वेशीपाशी त्याला एक शेतकरी बाई दिसली, सोबत साधारण बारा वर्षांचा मुलगा. वास्या. नवरा आणि बाकीची लेकरं गेलेली, हा एकटाच उरलेला. चित्र काढू देता का म्हटल्यावर ती घाबरली. चित्र काढलं की माणूस झुरतो, मरतो, हे तिने ऐकलेलं. पेरोवने खूप समजावलं, तेव्हा कुठे ती तयार झाली.

एक गोष्ट लक्षात घ्या, वास्या कोणाकडे उमेदवार नव्हता. तो आईबरोबर वाटेने चाललेला मुलगा होता. त्याच्या गळ्यात पट्टा अडकवला तो चित्रकाराने.

काही वर्षांनी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ती बाई पेरोवच्या दारात उभी राहिली. भेट म्हणून अंडी घेऊन आली होती. वास्या आदल्या वर्षी देवी येऊन गेला होता. तिने घरातलं होतं नव्हतं ते विकलं, हिवाळाभर काम केलं आणि पैसे गाठीला बांधून आली. कशासाठी? ते चित्र विकत घ्यायला.

चित्र तोवर पावेल त्रेत्याकोव या व्यापाऱ्याच्या संग्रहात गेलेलं. तिच्या गाठोड्यातल्या पैशांत ते येणं शक्यच नव्हतं. पेरोव तिला तिथे घेऊन गेला. चित्रांनी भरलेल्या त्या खोलीत तिने आपला मुलगा स्वतःच शोधला, आणि ओळखला तो त्याच्या पडलेल्या दातावरून. मग ती देवाच्या तसबिरीपुढे टेकावं तशी गुडघे टेकून बसली. बराच वेळ.

ही सगळी पेरोवची बाजू, हे खरं. त्या बाईने लिहिलेलं काही आपल्यापुढे नाही. पण स्वतःला मोठेपणा देण्यासाठी माणूस ही गोष्ट अशी सांगेल असं मला वाटत नाही. ती घाबरत होती, मी तिची समजूत घातली आणि पोरगा गेला, हे त्याने आपल्या हाताने लिहिलंय. पेरोवला स्वतःलाही लहानपणी देवी आल्या होत्या. तो वाचला, पण डोळे कायमचे अधू झाले. 'पेरोव' हे आडनावसुद्धा त्याचं जन्माचं नव्हे. तो एका जहागीरदाराचा अनौरस मुलगा. अक्षर चांगलं म्हणून मास्तरांनी 'पेरो' म्हणजे लेखणीवरून पाडलेलं नाव पुढे आडनाव झालं. सरकारी खर्चाने पॅरिसला गेला, पण इथली माणसं मला कळत नाहीत म्हणत मुदत संपण्याआधीच परत आला. त्याला कळणारी माणसं मॉस्कोच्या वेशीवर होती.

पेरोव १८८२ मध्ये क्षयाने गेला, जुन्या रशियन पंचांगानुसार २९ मे रोजी. तीन दिवसांनी, १ जूनला, बारा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला ठेवायला मनाई करणारा कायदा मंजूर झाला. तो कारखान्यांपुरता होता. कारागिरांच्या छोट्या दुकानांतली, म्हणजे या चित्रातली मुलं, त्यात नव्हतीच.

आज 'त्रोइका' त्रेत्याकोव गॅलरीत आहे, जवळजवळ पावणेदोन मीटर रुंद. मारियासाठी पेरोवने नंतर वास्याचं वेगळं चित्र काढलं आणि सोनेरी चौकटीत बसवून तिच्या गावी पाठवलं. ते देवाच्या तसबिरींशेजारी टांगलंय, असं तिने पत्रातून कळवलं. त्या चित्रात तो एकटाच होता. पिंप नव्हतं.