पुपिनची वेटोळी

टेलिफोनच्या केबलजोडणीत माझी तीस वर्षं गेली. मॅनहोलमध्ये उतरलं की सांध्याशेजारी लोडिंग कॉइलचं जड भांडं दिसायचं. त्यात तारांच्या प्रत्येक जोडीसाठी ८८ मिलिहेन्रीचं वेटोळं, आणि पुढचं भांडं १८३० मीटरवर. एकदा लांबच्या एका जोडीला कॉइल लावायच्याच राहून गेल्या होत्या. पलीकडचा आवाज घोंगडीतून आल्यासारखा. ‘साठ’ म्हटलेलं ‘आठ’ ऐकू येई.

केबलमधल्या तारा एकमेकींना खेटून असतात. त्यांचा कपॅसिटन्स वरचे सूर गिळतो, आणि व्यंजनांची ओळख तर त्या वरच्या सुरांतच असते. इंडक्टन्स वाढवला की बोलणं स्वच्छ पोचेल, हे १८८७च्या सुमारास ऑलिव्हर हेविसाइडनं गणितानं दाखवलं. कॉलेजचं तोंड न पाहिलेला, कानानं अधू माणूस! ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या विल्यम प्रीसनं त्याची वाट अडवली, हे मला आजही सलतं. अंतराअंतरावर वेटोळी बसवून इंडक्टन्स वाढवण्याचं पेटंट १९०० मध्ये अमेरिकेत मिळालं मायकेल पुपिनला. जॉर्ज कॅम्पबेलही स्वतंत्रपणे तिथंच पोचला होता. पैसा मात्र पुपिनकडे गेला.

ब्रॉडबँड आलं आणि हीच वेटोळी अडसर झाली. ३४०० हर्ट्झच्या फार वरचं काही ती पुढे जाऊ देईनात. माझ्याच हातांनी मी ती तोडून काढली. एक घरी ठेवलंय: कड्याभोवती दाट गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, मुठीत मावेल एवढं.