घण, घन आणि घाव

निवडणुका आल्या की वर्तमानपत्रांत एक शब्द हमखास उगवतो. घणाघाती. घणाघाती भाषण, घणाघाती टीका, विरोधकांवर घणाघात... ज्यांच्या हातांनी उभ्या आयुष्यात साधी हातोडीही धरली नसेल, अशी मंडळी रोज घण घालत असतात! एकदा कुतूहल म्हणून मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) उघडला आणि 'घण' शोधला. अर्थ अपेक्षित तोच, लोहाराचा मोठा हातोडा. पण तिथून जी वाट सुटली, ती बरीच लांब गेली.

घण हा संस्कृत 'घन'चा मुलगा. आणि घन आला 'हन्' म्हणजे मारणे या धातूपासून. ह चा घ कसा झाला असं वाटत असेल, तर शत्रुघ्न आणि कृतघ्न आठवा. तिथेही तोच हन् लपलेला आहे. म्हणजे घन हा मुळात 'मारणारा'. त्याच शब्दाला पुढे ठोस, दाट, घट्ट असे अर्थ आले. दाटून आलेला ढग तो घन. संख्येला तिनेच दोनदा गुणलं की घन; इ.स. ४९९च्या आर्यभटीयात घनमूळ काढायची रीत दिलेली आहे. नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार प्रकार केले, त्यात ठोस धातूची ती घनवाद्यं. आपल्या वारकऱ्यांचे टाळ त्यातलेच. ढग, गणित, टाळ आणि हातोडा, सगळी एकाच घरची भावंडं!

आता गंमत बघा. हिंदीत ढगही घन आणि हातोडाही घन. मराठीने मात्र वाटणी केली. प्राकृतात 'न' चा 'ण' झाला आणि तो बोलणाऱ्यांच्या तोंडी टिकला. पानीयाचं पाणी झालं ते असंच. पुढे पंडितांनी संस्कृतातून मूळ शब्द पुन्हा आणले. त्यामुळे आपल्याकडे जोड्या झाल्या. सभेतले ते जन, पण पंगतीत मोजायचे ते चार जण. तसंच आकाशातला आणि वहीतला तो घन, आणि लोहाराच्या हातातला तो घण. पोथीतून आलेल्या शब्दाला 'न', भट्टीतून आलेल्याला 'ण'. भाषेतसुद्धा कामाची अशी विभागणी होते, हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं.

आणखी एक. 'घाव' हा 'घात'वरून आला, आणि घातही हन् वरूनच. म्हणजे 'घणाचा घाव' म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो. घणाघातातही तेच. एकावर एक दोन ठोके!

तुकोबांच्या एका अभंगात हिरा ऐरणीवर ठेवून त्यावर घण मारायची गोष्ट आहे. जो टिकला तो खरा, नकली असेल त्याचा चुरा. प्रत्यक्षात हे करून बघू नका. हिरा कठीण खरा, पण ठिसूळ. घाव नेमका बसला तर अस्सल हिराही फुटतो. पण तुकोबा रत्नपारख शिकवत नव्हते, माणसाची पारख सांगत होते. आणि त्यासाठी त्यांना ऐरण आणि घण जवळचे वाटले, कारण ते ऐकणाऱ्यांच्या रोजच्या बघण्यातले होते.

दिल्लीचा लोहस्तंभ आपण गंज न चढण्यासाठी वाखाणतो. सात मीटरहून उंच आणि सहा टनांहून जड असा तो खांब सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी लोखंडाचे तापलेले गोळे ठोकून, एकमेकांत जोडून घडवला गेला. त्यावर राजाची स्तुती कोरलेली आहे. घण घालणाऱ्यांचं नाव नाही.

ते नाव आजही नसतं. महाराष्ट्रात गावोगाव फिरणारे घिसाडी कोयते, विळे, खुरपी, कुऱ्हाडी करून देतात. पुरुष सांडशीने तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो, आणि घण असतो बाईच्या हातात. चार-पाच किलोंचा, कधी त्याहूनही जड. लोखंड लाल आहे तोवरच घाव घालायचा, म्हणून थांबायची सोय नाही. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव होती तोवर तेही काम मिळायचं. रबरी टायर आणि ट्रॅक्टर आले तसं ते आटलं. सरकारी यादीत ही जमात भटक्यांत मोडते. आपल्या बोलण्यात मात्र 'घिसाडघाई' आहे. त्या शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, ऐकणाऱ्याला त्यात एका जमातीचं नाव ऐकू येतंच. आणि वस्तुस्थिती अशी, की तापल्या लोखंडासमोर ज्यांना क्षणाचा हिशेब चुकवून चालत नाही, ती ही माणसं.

घणाघाती हे विशेषण आपण भाषणाला लावलं, आणि तेही बहुतेक पुरुषांच्या. त्या बाईला कोणी घणाघाती म्हटलेलं मी तरी वाचलेलं नाही.

असो. शब्द बदलायला मी कोण? पण वापरताना तो किती किलोंचा आहे, एवढं तरी लक्षात ठेवावं म्हणतो. दगडावर चालणाऱ्या मोठ्या हातोड्याला वडार मंडळी सुतकी म्हणतात, तो आणखी वेगळाच शब्द. तुमच्या गावाकडे काय म्हणतात, आणि तो कोणाच्या हातात असतो, जरूर कळवा.