सुरी कुठे संपते, शस्त्र कुठे सुरू होतं?

नागाव-चौलच्या वाड्यांत माडावर चढणाऱ्याच्या कमरेला कोयता असतो. त्याचं पातं किती रुंद, हे कोणी पट्टी लावून बघत नाही. पण परदेशी सुऱ्यांचा कंटेनर उरणच्या न्हावा-शेवा बंदरात उतरला, की पट्टी निघू शकते. ती पट्टी आली कुठून, ते सांगतो.

१८५७ चा धसका इंग्रजांच्या मनातून गेला नव्हता. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ साली शस्त्र कायदा झाला. शस्त्र म्हणजे काय? तर बंदुका, तोफा, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, धनुष्यबाण. साध्या सुरीचं नाव नाही. मग लांब सुरीला खंजीर म्हणायचं की नाही, हे ठरवणार साहेब. त्यात आपल्याकडे अलिबाग-पेण इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात आणि मुरुड-श्रीवर्धन सिद्दीच्या जंजिरा संस्थानात. किनारा एक, सरकारं दोन.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, १९६२ मध्ये लागू झाला. सोबतच्या नियमांत सुरी आली आणि पट्टीसुद्धा: पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर शस्त्र. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेलं असेल तर सूट. वाचायला सोपं वाटतं ना? आता मूळ कायदा उघडा. तिथे सूट आहे ती 'केवळ' घरगुती किंवा शेतीच्या वस्तूंना. कारखान्याचा उल्लेखच नाही! म्हणजे मासळी प्रक्रिया कारखान्यातली लांब सुरी नियमांप्रमाणे सुटते आणि कायद्याच्या व्याख्येत अडकू शकते. पाणबुड्याचा चाकू, गिर्यारोहकाचा चाकू यांचं काय? ते ना स्वयंपाकघरातले, ना शेतातले.

अजून एक गाठ आहे. बंदूक सोडून इतर शस्त्र जवळ ठेवायला परवाना लागतो तो सरकारने अधिसूचना काढलेल्या भागातच. पण तेच शस्त्र देशात आणायचं तर कलम १० प्रमाणे परवाना हवा. शिवाय याच कलमात म्हटलंय की भारताच्या एका भागातून दुसऱ्या भागात समुद्रमार्गे नेलेलं शस्त्रही 'देशात आणलेलं' धरायचं. अक्षरशः धरलं तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये तलवार घेऊन बसणारा आयातदार ठरतो. (लाँचवाल्यांनी घाबरू नये.)

प्रवाशांबाबत तर कायद्याने सरळ लिहून ठेवलंय, की स्वतःच्या वापरासाठी आणल्याच्या दाव्याबद्दल कस्टमच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला 'शंका' असेल तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत तो शस्त्र अडकवून ठेवू शकतो. किती दिवस, ते त्या कलमात नाही.

कंटेनरची गोष्ट वेगळी. जकातीच्या यादीत सुऱ्या ८२११ मध्ये आणि तलवारी, संगिनी, भाले ९३०७ मध्ये. पण जकातीसाठी सुरी ठरलेली वस्तू शस्त्र कायद्यासाठीही सुरीच, असं कुठे आहे? माल प्रतिबंधित ठरला तर कस्टम कायद्याच्या कलम १२५ प्रमाणे दंड भरून तो सोडवायची संधी देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. प्रतिबंधित नसेल तर संधी द्यावीच लागते. म्हणजे एका पात्याला काय म्हणायचं, यावर अख्खा माल अवलंबून. आणि निर्णय होईपर्यंत बंदराचं भाडं चालूच. मोठा आयातदार वकील लावतो, छोटा दुकानदार पुन्हा त्या वाटेला जात नाही.

अधिकाऱ्यांनाच दोष देणं मला पटत नाही. सोडलं आणि उद्या त्याच सुरीने काही झालं, तर सही त्याची असते. अडवलं तर विचारणारं कोणी नाही. मग तो अडवणारच.

पण याच किनाऱ्यावरची दुसरी बाजूही विसरता येत नाही. ९ जानेवारी १९९३ ला दिघीला आणि ३ व ७ फेब्रुवारीला शेखाडीला माल उतरला. त्यात बंदुका होत्या, आरडीएक्स होतं. तिथे पट्टीची गरज नव्हती, व्याख्येचा घोळ नव्हता. तरी गाड्या मुंबईला पोचल्या. पुढे टाडा न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांत कस्टमचे अधिकारीही होते आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला.

त्यानंतर २०१६ मध्ये शस्त्र नियम नव्याने लिहिले गेले. बंदुकांबाबत बरंच बदललं. सुरीच्या रकान्यात ९ इंच आणि २ इंच तसेच आहेत, आणि मूळ कायद्यातला तो 'केवळ'सुद्धा.