जड स्पीकर उंचावर लावताना: कमिटीने आणि पालकांनी काय पाहून घ्यावं?

जलसा असो, मुशायरा असो, शाळेचं गॅदरिंग असो की लग्न, स्पीकर उंचावरच लावावे लागतात. जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज पुढच्या दोन-तीन रांगांतली माणसंच अडवतात. मागे ऐकू जावं म्हणून आवाज वाढवला की पुढे बसलेल्यांचे कान दुखतात. स्पीकर वर नेऊन तोंड थोडं खाली झुकवलं तर पुढे-मागे आवाज बऱ्यापैकी सारखा पोहोचतो आणि एकूण आवाजही कमी ठेवता येतो.

पण वर चढवलेलं वजन खाली येऊ शकतं, आणि आपल्या कार्यक्रमांत स्पीकरच्या अगदी समोर, सतरंजीवर, बहुतेक वेळा लहान मुलंच बसलेली असतात. म्हणून या कामाचा एकच मोठा नियम लक्षात ठेवावा: कुठलाही एक भाग तुटला, निसटला किंवा सुटला, तरी स्पीकर खाली पडता कामा नये. पुढचं सगळं याच नियमातून येतं.

आधी वजन विचारा

प्लास्टिक बॉडीचा पंधरा इंची स्पीकर साधारण 15 ते 20 किलोचा असतो. दोन वुफरचा लाकडी टॉप सहज 50 किलोच्या आसपास जातो. एकाखाली एक असे 50 किलोचे आठ बॉक्स टांगले तर 400 किलो झाले. वरची फ्रेम, चेन पुली आणि केबलचं वजन वेगळंच. "अंदाजे इतकं असेल" हे उत्तर चालत नाही. वजन बॉक्सच्या मागच्या पट्टीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.

स्टँडवर ठेवताना

छोट्या कार्यक्रमात तीन पायांचा स्टँड पुरतो. पाय पूर्ण उघडलेले हवेत, दांडा सरळ उभा हवा आणि उंची पक्की करणारी पिन भोकात बसलेली हवी. नुसत्या स्क्रूच्या भरवशावर राहू नये. जमीन मऊ असेल तर पायांखाली फळी द्यावी आणि पायांवर वाळूची पोती ठेवावीत. स्टँड जितका उंच, तितका तो लवकर कलंडतो. केबल दांड्याला बांधून खाली आणावी आणि जमिनीवर चिकटपट्टीने दाबावी, म्हणजे पळणाऱ्या मुलाच्या पायात अडकून स्टँड ओढला जाणार नाही. टेबलावर टेबल किंवा खुर्चीवर पेटी असा मनोरा कधीच करू नये.

टांगताना: प्रत्येक कडी तपासा

सगळ्यात पहिली गोष्ट: स्पीकरचं हँडल उचलण्यासाठी असतं, टांगण्यासाठी नाही. ज्या बॉक्सला कंपनीने टांगायची जागा दिलेली आहे, तोच टांगावा.

स्पीकरपासून वरच्या ट्रसपर्यंत आय-बोल्ट, शॅकल, वायर, पुन्हा शॅकल अशी कड्यांची रांग असते. तिची ताकद सगळ्यात कमजोर कडीइतकीच. चांगल्या शॅकलवर ती किती वजनासाठी आहे ते कोरलेलं असतं. वायरच्या स्लिंगवर लिहिलेल्या वजनाच्या साधारण पाचपट वजनाला ती तुटते, पण ती पाचपट आपल्या वापरासाठी नसते. झटका, झीज आणि गंज यांच्यासाठी ती राखून ठेवलेली असते. ज्या शॅकलवर काहीच छापलेलं नाही, तो माणसांच्या डोक्यावर वापरू नये.

नायलॉनच्या दोरीला गाठ मारली की तिची ताकद तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घटते. केबल टाय, सुतळी, बाइंडिंग वायर या वस्तू केबल आवरायला ठीक, वजन पेलायला नाहीत. वायरला क्लिप लावल्या असतील तर किमान तीन हव्यात, आणि यू-बोल्ट वायरच्या तुटक्या टोकाच्या बाजूला, तर खोगीर भार घेणाऱ्या बाजूला हवं.

मंडपाचे बांबू कापड आणि पंखे धरण्यापुरते उभे केलेले असतात. त्यांना जड स्पीकर लटकवू नये. स्पीकरसाठी वेगळा ट्रस किंवा परांची हवी.

कोनाचा हिशोब

100 किलोचं वजन दोन वायरींवर टांगलं म्हणजे प्रत्येकीवर 50 किलो, असं वाटतं. वायरी सरळ उभ्या असतील तरच ते खरं. जमिनीशी 60 अंशांचा कोन असेल तर प्रत्येक वायरवर सुमारे 58 किलो ताण येतो, 45 अंशांवर 71 किलो आणि 30 अंशांवर पूर्ण 100 किलो. वायरी जितक्या पसरलेल्या, तितका ताण जास्त. 60 अंशांच्या खाली न जाणं बरं. कॉलर नसलेला साधा आय-बोल्ट तर फक्त सरळ वर ओढण्यासाठी असतो. तिरका ओढला तर तो वाकतो.

दुसरा आधार

प्रत्येक टांगलेल्या स्पीकरला मुख्य आधाराशिवाय वेगळी लोखंडी वायर हवी, स्पीकरच्या वेगळ्या बिंदूपासून ट्रसच्या दांड्याभोवती गेलेली. तिच्यात ढील जवळजवळ नसावी. 50 किलोचा बॉक्स 50 सेंटीमीटर पडला आणि पुढच्या 5 सेंटीमीटरमध्ये थांबला, तर वायरला सरासरी 550 किलोचा झटका बसतो. लांब, सैल वायर म्हणजे नावापुरता आधार.

भिंतीवर कायमचा स्पीकर

मशीद, मदरसा किंवा हॉलच्या भिंतीवरच्या ब्रॅकेटकडे वर्षानुवर्षं कोणी पाहत नाही. बोल्ट प्लास्टरमध्ये नव्हे, काँक्रीटमध्ये गेलेला हवा. जांभ्याच्या किंवा विटांच्या भिंतीत आरपार बोल्ट घालून मागून लोखंडी प्लेट लावणं जास्त भरवशाचं. कोकण किनाऱ्यावर खारा वारा लोखंड लवकर खातो. तिथे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा तपासणी व्हावी. गंजलेला बोल्ट रंगवू नका, बदला.

वारा आणि विजेची तार

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ट्रसवर 6 मीटर रुंद आणि 4 मीटर उंच फ्लेक्स लावला तर ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर सुमारे 150 किलोचा रेटा येतो, ताशी 72 किलोमीटरला सुमारे 600 किलोचा. एप्रिल-मेच्या संध्याकाळी वळवाचा वारा पाच मिनिटांत उठतो, आणि लग्नांचा मोसमही तोच. म्हणून स्पीकरच्या ट्रसला मोठा फ्लेक्स लावू नये. ट्रसला चारही बाजूंनी ताण द्यावेत.

ट्रस, शिडी किंवा ओला बांबू विजेच्या तारांच्या जवळ नेऊ नये. वर चढणाऱ्याने पट्टा लावावा, आणि वर काम चालू असताना खाली कोणी उभं राहू नये.

थांबवणार कोण?

13 ऑगस्ट 2011 रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या जत्रेत जोराच्या वाऱ्याने स्टेजचं छत कोसळलं आणि 7 जणांचा जीव गेला. छताचे ताण काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधले होते आणि ते ठोकळेच सरकले, असं चौकशीत पुढे आलं. दुसरी गोष्टही समोर आली: कार्यक्रम थांबवायचा अधिकार नेमका कोणाचा, हे स्पष्ट नव्हतं. वादळाचा इशारा होता, लोक मैदानात होते, आणि निर्णय व्हायला उशीर झाला.

आपल्याकडेही तोच प्रश्न आहे. पाहुणे आलेले, मैदान भरलेलं, अशा वेळी "थांबा" म्हणणं अवघड जातं. म्हणून ते आदल्या दिवशीच ठरवावं. कमिटीतल्या एका माणसाचं नाव लिहावं. त्याने "स्पीकर खाली घ्या" म्हटलं की अध्यक्षांनीही हुज्जत घालू नये.

साऊंडवाल्याला विचारायचे प्रश्न

1. एका बाजूला एकूण किती किलो टांगणार?
2. ट्रस आणि चेन पुली किती वजनासाठी आहेत, आणि ते कुठे लिहिलं आहे?
3. दुसरी वायर लावली आहे का? दाखवा.
4. शॅकलच्या पिना घट्ट करून तारेने बांधल्या आहेत का?
5. स्पीकरच्या खालची जागा दोरीने बंद केली आहे का?
6. वारा सुटला तर काय करणार, आणि किती मिनिटांत?

जाणकार साऊंडवाला या प्रश्नांवर रागावत नाही, उलट त्याला बरं वाटतं. जो "काही होत नाही, रोजचं काम आहे" म्हणून टाळतो, त्याच्याकडून स्पीकर जमिनीवर किंवा कमी उंचीच्या स्टँडवर लावून घ्यावेत. मागच्या रांगेला थोडं कमी ऐकू येईल, तेवढं चालेल. कार्यक्रमाला आलेल्या लोकांची जान ही कमिटीकडे अमानत असते.