हात कोणाचा, चेहरा कोणाचा
फॅशनसाठी केशभूषा आणि रंगभूषा : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

केस आणि चेहरा सजवायला शिकायचं तर विद्यापीठात कशाला जायचं, हा प्रश्न बदलापूरच्या खरवईतल्या कुठल्याही घरात पहिल्याच दिवशी विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. बदलापुरात पार्लरांची वाण नाही. ब्रायडल मेकअपचे छोटे क्लास आहेत, आयटीआयमध्ये ‘बेसिक कॉस्मेटॉलॉजी’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे, आणि हात बसायला लग्नसराईचे दोन हंगाम पुरतात. मग पदवीची वर्षं कशासाठी? उत्तर थोडक्यात असं : काम कसं करायचं ते क्लास शिकवतो. कोणाच्या हाताने, कोणावर आणि कोणाच्या सांगण्यावरून करायचं, हा प्रश्न तिथे उठत नाही. महाराष्ट्रात मात्र या विषयाचा इतिहास त्याच प्रश्नाभोवती फिरला आहे.

1890 साली मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायचं नाही, असा निर्धार केला. पुढाकार कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा होता आणि प्रेरणा सत्यशोधक चळवळीची. वस्तरा चालवणाऱ्याने ‘हे काम मी करणार नाही’ म्हणणं ही या व्यवसायाच्या नीतिशास्त्राची सुरुवात मानायला हरकत नाही. अभ्यासक्रमात ग्राहकाच्या संमतीचा धडा येईल तेव्हा त्याच्या शेजारी कारागिराच्या नकाराचा हा प्रसंग ठेवून पाहा.

पुढच्या पिढीत बालगंधर्व आले. नारायण श्रीपाद राजहंस यांनी 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत पाऊल ठेवलं, 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि रंगमंचावरच्या त्यांच्या साड्या, दागिने, अंबाड्यावरचा गजरा मराठी घरांतल्या बायका पाहून पाहून उचलू लागल्या. पुरुषाने रंगवलेली स्त्री स्त्रियांची फॅशन ठरवत होती. आज एखाद्या नटीचा लुक व्हायरल होतो, त्याच्या कितीतरी आधी ही देवाणघेवाण आपल्याकडे झाली आहे. ‘बालगंधर्व’ (2011) या चित्रपटासाठी रंगभूषाकार विक्रम गायकवाड यांनी तोच चेहरा पुन्हा उभा केला. तो चित्रपट करमणूक म्हणून पाहिला असेल, तर आता अभ्यास म्हणून पाहा. पुरुषाच्या जबड्याची रेषा कुठे मऊ केली आहे, केसांची रेषा कपाळावर कुठून सुरू होते, ते टिपा.

तिसरा टप्पा न्यायालयातला आहे. हिंदी चित्रपटसृष्टीतल्या रंगभूषाकारांच्या संघटनेचा दंडक होता की स्त्रीने केस करावेत, मेकअप पुरुषाने करावा. अनेक दशकं तो चालला. रंगभूषाकार चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 10 नोव्हेंबर 2014 रोजी तो रद्द केला; सदस्यत्वासाठी महाराष्ट्रात पाच वर्षं राहण्याची अटही त्याच निकालात गेली. बंद धंद्यात प्रवेश ओळखीने आणि नात्याने मिळतो. विद्यापीठाचा दरवाजा लिहिलेल्या नियमांनी उघडतो, आणि नियम लिहिलेला असला की त्याला आव्हानही देता येतं. पदवीच्या बाजूने मला दिसणारं सर्वांत भक्कम कारण हे आहे.

आता खुद्द फॅशनकडे. नवरीचा मेकअप आणि रॅम्पचा मेकअप यांत साहित्य बरंचसं तेच असतं, मालक वेगळा असतो. नवरीला स्वतःसारखंच, पण अधिक देखणं दिसायचं असतं. रॅम्पवर चेहरा कपड्याच्या सेवेत असतो. डिझायनरची कल्पना ऐकून मुख्य कलाकार एका मॉडेलवर लुक करून दाखवतो आणि बाकीची टीम वेगवेगळ्या कातडीवर, वेगवेगळ्या केसांवर तोच उतरवते. काळ्याभोर कुरळ्या केसांवर आणि मऊ सरळ केसांवर ‘एकच’ अंबाडा घालायचा, तर दोन वेगळ्या वाटांनी जावं लागतं. त्या वाटा शोधायला विज्ञान लागतं.

उदाहरण घरचंच घेऊ. जुलैत सकाळी केस स्ट्रेट करून बदलापूरहून लोकल पकडली, तर दादरला उतरेपर्यंत ते पुन्हा मूळ वळणावर येतात. उष्णतेने केसातल्या केराटिन या प्रथिनामधले हायड्रोजन बंध तुटतात आणि केस थंड होताना नव्या आकारात जुळतात. हवेतला दमटपणा केसात शिरला की हे बंध पुन्हा मोडतात. कायमचं स्ट्रेटनिंग याहून खोल, डायसल्फाइड बंधांपर्यंत जातं, म्हणून तिथे चूक झाली तर धुऊन निघत नाही. केसांच्या काळ्या डायमधल्या पीपीडी या रसायनाची काहींना तीव्र ॲलर्जी होते. पॅच टेस्टचा कंटाळा करू नये तो यासाठी. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये चेहरा पांढुरका का उमटतो, याचं उत्तर पुष्कळदा टायटॅनियम डायऑक्साइड असलेल्या बेसमध्ये सापडतं.

मापंही तपासून घ्यायला शिका. त्वचेच्या सहा प्रकारांची फिट्झपॅट्रिक श्रेणी क्लासात फाउंडेशनची शेड निवडायला सर्रास सांगतात. 1975 मध्ये ती मांडली गेली ती अतिनील किरणांच्या उपचाराची मात्रा ठरवण्यासाठी, गोऱ्या त्वचेवरून. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. आपल्याकडच्या गव्हाळ रंगाच्या असंख्य छटा तिच्यात कशा मावतील?

अभ्यासाचं साहित्य तुमच्या आसपासच आहे. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं. दगड झिजला आहे, तरी बाहेरच्या भिंतींवरच्या स्त्रीमूर्तींचे अंबाडे आणि अलंकार रेखाटून पाहा, आणि यातलं नेमकं काय आज खऱ्या केसांवर उतरेल ते ठरवा. उल्हासनगरच्या कॅम्पांत जीन्स शिवल्या जातात, पण त्या जीन्सची ‘प्रतिमा’ बहुधा दुसरीकडे तयार होते. कपडा जिथे शिवला जातो तिथेच त्याचा चेहराही घडवता येईल का, हा इथल्या विद्यार्थ्यासाठी संशोधनाचा खरा विषय आहे.

विषयाला घर मिळायला वेळ लागतो. आज लंडन कॉलेज ऑफ फॅशनमध्ये केस आणि मेकअप हे पदवीचे विषय आहेत. त्या संस्थेची मुळं मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी मुलींना शिवणकामासारख्या धंद्यांसाठी तयार करणाऱ्या शाळांत आहेत. आपल्याकडे नागपूरच्या एल.ए.डी. महाविद्यालयात कॉस्मेटिक टेक्नॉलॉजी शिकवली जाते, 2014 पासून बी.व्होक. या कौशल्याधारित पदवीची वाट खुली आहे, आणि 2021 च्या कायद्याने आलेलं राज्याचं कौशल्य विद्यापीठ आता रतन टाटा यांच्या नावाने चालतं. रसायन एकीकडे, हातकाम दुसरीकडे आणि इतिहास तिसरीकडे, अशी सध्याची विभागणी आहे. त्यांना एका वर्गात बसवणं हे तुमच्या पिढीचं काम.

पार्लरमध्ये कमावलेला हात घेऊन येत असाल तर तो घरी ठेवून येऊ नका. वर्गातल्या पुष्कळ सिद्धान्तांची परीक्षा त्याच हातावर होणार आहे. इथे येऊन एक वही तेवढी वाढवा. समोर कोण बसलं, काय मागितलं, कशाला नको म्हटलं, कोणतं उत्पादन कोणत्या त्वचेवर किती तास टिकलं आणि कोणत्या उजेडात, हे प्रत्येक कामानंतर तिच्यात लिहा. दोन वर्षांत त्या वहीत आपल्या हवेचं आणि आपल्या त्वचेचं असं पाठ्यपुस्तक तयार होईल, जे आज बाजारात विकत मिळत नाही.